झपतालातल्या दोन मात्रा

जरा पुढे सरकून बसा. माझा आवाज आता फार लांब जात नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. देवादिकांची नाही, राजाराणीची नाही. विद्यापीठात गाणं शिकत होते तेव्हाच्या तीन दिवसांची आहे, आणि त्यानंतरच्या काही दुपारांची. ऐकून पुण्य लागेल असं वचन देत नाही. पण सांगेन ते खरं सांगेन, आणि माझी बाजू राखून सांगणार नाही.

"माठातलं पाणी पिऊ नको आता. गळा बसंल," गुरवमास्तर म्हणाले.

आम्ही जिन्यात उभे होतो. आमचा संगीत विभाग व्यायामशाळेच्या माडीवर होता. खाली मुलं वजनं आपटायची आणि वर आम्ही तानपुरे लावायचो. विभागप्रमुख नाडगौडा सर दर वर्षी कुलसचिवांना पत्र लिहायचे, की ही दोन शास्त्रं एका छपराखाली नांदत नाहीत. उत्तर कधी आलं नाही. त्या दिवशी मात्र बी. ए.च्या शेवटच्या वर्षाची गायनाची प्रात्यक्षिक परीक्षा होती, म्हणून सरांनी स्वतः खाली जाऊन व्यायामशाळेला कुलूप लावलं होतं. सकाळची मुलं गाऊन झाली होती, परीक्षकांचा दुपारचा चहा चालला होता. चहानंतर पहिला नंबर माझा.

"मास्तर, भीती वाटते," मी म्हटलं.

"मला बी वाटतीया."

"तुम्हाला कशाची?"

"परवाची."

परवा त्यांची मुलाखत होती. दशरथ गुरव आमच्या विभागात अकरा वर्षं तबल्याची साथ करत होते, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे एप्रिलअखेर आमची सुट्टी लागली की त्यांची नोकरी संपायची, आणि जूनमध्ये पुन्हा नवा अर्ज. अकरा वर्षांनी कायम साथीदाराची एक जागा मंजूर होऊन आली होती. मास्तर शेहेचाळीस वर्षांचे होते. वयाची सगळी सवलत धरूनही अर्ज करायची ही शेवटची वेळ. आणि निवड समितीवर तज्ज्ञ म्हणून ज्या बाई येणार होत्या, त्याच आमच्या परीक्षेलाही बाहेरच्या परीक्षक होत्या. पहिले दोन दिवस त्या आमचं गाणं ऐकणार, तिसऱ्या दिवशी मास्तरांची मुलाखत घेणार. आम्ही मुली आपसांत म्हणायचो, परीक्षा आपली नाहीच, मास्तरांची आहे.

"कायम झालो की पहिलं काय करणार, ठाऊक हाय?"

"काय?"

"मंडळीला आणि पोरींना हितं आणणार. अकरा वर्षं खानावळीची आमटी खातोय. तबल्याची शाई बरी तिच्यापरीस."

माझं आणि मास्तरांचं पहिल्यापासून जमलं ते कीर्तनामुळे. आमच्या गावी लक्ष्मीकांताच्या देवळात चातुर्मासभर कीर्तनं व्हायची. भाऊ, म्हणजे माझे वडील, पोस्टातून आले की पाय धुऊन मला घेऊन थेट देवळात. आठ वर्षांची असल्यापासून मी बुवांच्या मागे उभी राहून ध्रुपद, म्हणजे पदाची परत परत येणारी ओळ, धरायची. जे काही सूर माझ्या गळ्यात होते ते तिथले. मास्तरही तसेच. त्यांच्या घराण्यात देवळाच्या पखवाजाची सेवा होती. विद्यापीठात येण्याआधी वीस वर्षं ते कीर्तनांतून वाजवत होते.

कीर्तनाची साथ निराळी असते. बुवा कथेच्या भरात येतात, पद गाता गाता डोळ्यांत पाणी येतं, ओळ अर्ध्यावर सोडतात किंवा दुप्पट लांबवतात. त्या वेळी वाजवणारा बुवांशी भांडत बसत नाही. तो मुकाट्यानं त्यांच्याबरोबर वळतो, आणि समोरच्या पाचशे माणसांना कळतही नाही की ताल मध्येच मोडला होता. आमच्या गावचे लोक म्हणायचे, बुवा येतील ती सम. मास्तर त्या शाळेत तयार झाले होते. मीही.

वरून नाडगौडा सरांनी हाक मारली, "खांबेटे, या. गुरव, तुम्हीपण."

परीक्षक हिर्लेकरबाई सतरंजीवर ताठ बसल्या होत्या. निळ्या काठांचं पांढरं पातळ, घट्ट अंबाडा, समोर गुणपत्रक. त्यांची एक लकब होती. गाणं सुरू झालं की डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत राहायचा. मात्रा मोजायच्या त्या.

भीमपलासातला मोठा ख्याल माझा बरा झाला. बाईंनी मान वगैरे हलवली नाही, पण मध्ये थांबवलंही नाही.

"झपतालातली बंदिश घे. ताना घे थोड्या," त्या म्हणाल्या.

झपताल म्हणजे दहा मात्रांचं आवर्तन. गाणाऱ्यानं मध्ये कुठंही हिंडावं, पण दहा मात्रा भरल्या की पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, तबल्याच्या पावलावर पाऊल पडलं पाहिजे. मी चार ताना घेतल्या, चारही नीट आल्या. पाचवी लांब होती. दोन महिने घोकलेली. तिच्या मधला एक लहानसा तुकडा माझ्याकडून गळला. कसा ते सांगता येणार नाही. तान संपली, मुखडा धरला आणि मी समेवर येऊन उभी राहिले. तबल्याच्या आठच मात्रा झाल्या होत्या.

मास्तरांनी उरलेल्या दोन मात्रा गिळल्या. मी जिथं आले तिथंच त्यांनी सम दिली. थाप इतकी भरदार की नाडगौडा सर "वा" म्हणाले.

बाईंचा अंगठा पेरावर तसाच थांबला.

"थांबा. या आवर्तनात मात्रा किती झाल्या?"

मास्तरांनी तबल्यावरून हात उचलले.

"मला आठ सापडल्या. दोन कुठं गेल्या?"

"माझ्याकडनं चुकलं बाईसाहेब," मास्तर म्हणाले. "हात घसरला."

"किती वर्षं वाजवताय?"

"हितं अकरा. त्याआधी वीस."

"एकतीस वर्षांनी झपतालात हात घसरतो?"

"आज घसरला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुला काय वाटतं, खांबेटे?"

मी तानपुऱ्याच्या भोपळ्याकडे बघत राहिले. त्यावर हस्तिदंती वेल होती, तिची पानं मला अजून सांगता येतील.

"हं," बाई म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "पुढे चला."

परीक्षा संपवून बाहेर आले तेव्हा पुढची मुलगी तानपुरा जुळवत होती. तेवढ्या वेळात मास्तर हाताला पावडर लावायला गॅलरीत आले.

"मास्तर, चूक माझी होती."

"मला काय ठाऊक न्हाई व्हय? वाजवत कोण व्हतं?"

"मग तुम्ही कशाला अंगावर घेतलीत?"

"तू गप ऱ्हा. चुकलं म्हटलंय, संपलं. कोण चुकत न्हाई? बाईबी चुकत असतील भाजीत मीठ घालताना."

"पण परवा तुमची मुलाखत आहे."

"म्हणूनच म्हणतोय, गप ऱ्हा. ऐकशील?"

मी मान हलवली. मास्तर आत गेले. मला वाटलं, केवढं हे मन. स्वतःची भाकरी पणाला लावून माणूस माझी चूक पदरात घेतो आहे, आणि मी मान हलवते आहे.

वसतिगृहावर मला जेवण गेलं नाही. लहानपणापासून कीर्तनात एकच गोष्ट किती वेळा ऐकलेली. सत्यापायी राज्य सोडणारा राजा, सत्यापायी स्वतःला विकणारी माणसं, आणि शेवटी देव येऊन हात धरतो. भाऊ दर वेळी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायचे आणि परत येताना म्हणायचे, "कालिंदे, खरं बोलणाऱ्याचं देव पाहून घेतो." मी ठरवून टाकलं. माझी चूक मी सांगायची. माझे गुण गेले तर जावोत, मास्तरांवरचा डाग निघेल.

सकाळी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून मी विद्यापीठाच्या अतिथिगृहावर गेले. हिर्लेकरबाई व्हरांड्यात केस वाळवत बसल्या होत्या. मोकळ्या केसांत त्या कुणाच्याही मावशीसारख्या दिसत होत्या. त्यामुळे मला धीर आला.

"बाई, काल मास्तर चुकले नाहीत. मी चुकले."

"बैस," त्या म्हणाल्या. "नीट सांग."

मी सगळं सांगितलं. तानेतला तुकडा गळला ते, मी दोन मात्रा आधी आले ते, मास्तर माझ्याबरोबर वळले ते. वर अभिमानानं हेही सांगितलं, की ते कीर्तनातले जुने वादक आहेत, गाणाऱ्याला पडू देत नाहीत, असा साथीदार शोधून सापडायचा नाही.

बाई केसांतून फिरणारा हात थांबवून ऐकत होत्या.

"तू हे मला का सांगितलंस?"

"त्यांच्यावर डाग नको म्हणून."

"काल रात्री मी तो शेरा खोडला," बाई म्हणाल्या. "साथीदाराचा ताल सुटला, असा लिहिला होता. मग म्हटलं, दिवसभर वाजवून माणूस दमतो. एकदा चुकतो. मीसुद्धा भर मैफलीत चुकलेली आहे. उद्याच्या मुलाखतीत ही गोष्ट मी काढणारही नव्हते."

मला पटकन काही कळलं नाही. मी म्हटलं, "मग चांगलंच झालं की बाई."

"चुकला असता तर चांगलं होतं. तो चुकला नाही. त्यानं माझ्यासमोर, परीक्षेत, तुझी चूक झाकली. पेपर लिहिताना पर्यवेक्षकानंच उत्तर सांगावं, तसं आहे हे. आणि झाकण्यात इतका सराईत, की नाडगौडांनी वाहवा दिली. अकरा वर्षांत किती जणांची झाकली असेल?"

"बाई, कीर्तनात असंच वाजवतात. ती सेवा असते."

"असते. मीही कीर्तनं ऐकतच मोठी झाले. पण कीर्तनात बुवा परीक्षेला बसलेले नसतात."

मी रडायच्या बेताला आले होते. बाईंच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी पातळाच्या पदरानं चष्मा पुसला.

"हातावर ताल धर," त्या म्हणाल्या. "तबला नाही, पेटी नाही. तुझी टाळी आणि तुझं गाणं. तीच बंदिश, त्याच ताना. दहा वेळा."

मी गायले. व्हरांड्यात माळी झारीनं पाणी घालत होता, तो झारी खाली ठेवून उभा राहिला. दहा ताना घेतल्या. समेवर बरोबर आले ती चार वेळा. सहा वेळा माझी टाळी एकीकडे आणि मी दुसरीकडे. कधी मात्राभर आधी, कधी दीड मात्रा उशिरा. गाताना मला दर वेळी वाटायचं, आले.

"गळा चांगला आहे तुझा," बाई म्हणाल्या. "पण तीन वर्षांत तू एकटी चाललेलीच नाहीस. बघितलंस ना?"

"मला नापास करा बाई. पण त्यांचं..."

"तुला नापास कशाला करू? जेवढं आलं तेवढे गुण देईन. आणि त्यांचं काय करायचं, ते मला आता ऐकलं नाही असं करता येत नाही. ऐकलं आहे मी."

परत येताना मला मास्तरांचं गॅलरीतलं बोलणं आठवलं. म्हणूनच म्हणतोय, गप ऱ्हा. मला वाटलं होतं ते मला वाचवताहेत. ते स्वतःला वाचवत होते, आणि वाचवण्याची रीत त्यांनी बरोबर ओळखली होती. ती मी सकाळच्या आंघोळीनंतर, देवाला नमस्कार करून मोडून आले होते.

मुलाखत झाली. सोमवारी नाडगौडा सरांनी मला खोलीत बोलावलं. सर स्वभावानं गाय. त्या दिवशी मात्र टेबलावरची पेनं नुसती इकडची तिकडे करत होते.

"बाईंनी वाट काढून दिली होती हो," ते म्हणाले. "समितीसमोर सरळ विचारलं, गुरव, परवा तुम्ही मुलीची चूक सांभाळलीत, हो की नाही? तर म्हणाला, हो. बरं म्हटलं, सुटला. मग बाई म्हणाल्या, यापुढे परीक्षेत असं करणार नाही, एवढं लिहून द्या, माझी शिफारस आहे. अहो, मी खुर्चीतून निम्मा उठलो, पेन पुढे करायला."

"मग?"

"मग काय. म्हणाला, लिहून देतो की बाईसाहेब, सही बी करतो. पण खोटं पडंल ते. हाताला वाचता येत न्हाई."

सरांनी एक पेन उचलून परत जागेवर ठेवलं.

"सगळे हसले. कुलगुरूसुद्धा. मी म्हटलं आता होतंय काम. पण हसून झाल्यावर कुणी बोलेना. बाईंनी दोनदा विचारलं, गुरव, नुसतं हो म्हणा. हा आपला हात मांडीवर ठेवून बसलेला. एक हो म्हणायला काय जात होतं त्याचं?"

जागा दुसऱ्या कुणाला गेली. तबल्यातली पदवी घेतलेला तरुण होता, चांगला होता. त्याच्याबद्दल वाईट बोलायला काही नाही.

मास्तर भाजी मंडईच्या मागे एका खोलीत राहायचे. मी गेले तेव्हा ते तबल्याचा बाया, म्हणजे डग्गा, जुन्या लुगड्यात गुंडाळत होते. महिनाअखेर खोली सोडायची होती.

"ये. बस त्या ट्रंकेवर. पालथी हाय ती."

बसले.

"मास्तर, मी बाईंना सांगितलं."

"ठाऊक हाय."

"मला वाटलं तुमचं भलं होईल."

"ते बी ठाऊक हाय. दुसरं काय वाटणार तुला? देवळातली पोर तू."

"मला माफ करा."

त्यांनी गाठ मारली, पुन्हा सोडली, पुन्हा मारली.

"हे बघ पोरी. गोड बोलू का खरं बोलू?"

"खरं."

"मला ती नोकरी पायजे व्हती. लई पायजे व्हती. पोरी मोठ्या झाल्या, धाकटीनं मला वर्षात चार येळा बघितलंय, पाव्हणा आल्यागत बघती. तुला म्हटलं व्हतं गप ऱ्हा. न्हाई ऱ्हायलीस. त्याचा राग हाय मला. उद्या असंल का न्हाई ठाऊक न्हाई, आज हाय."

ते सांत्वन करतील अशी माझी कुठंतरी समजूत होती, ती गेली. आणि एका परीनं बरंही वाटलं.

"पण मग 'हो' का नाही म्हणालात? बाई विचारत होत्या."

"तू आदल्या दिशी खरं बोलून आलीस. मग मी कसा खोटं बोलू तिथं? लाज न्हाई वाटत व्हय?" ते म्हणाले, आणि जरा हसले. "आणि खरंच सांगतो, येत न्हाई मला. गाणारा पडाय लागला की हात आधी जातो, मी मागनं जातो."

मी उठले. दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "बाईनं तुला हातावर ताल धराय लावलं म्हणं. नाडगौडा सर सांगत व्हते."

"हो."

"दहात किती?"

"चार."

"चार?"

मास्तरांनी बायाचं गाठोडं बाजूला सारलं. नोकरी गेल्याचं सांगताना त्यांचा चेहरा असा झाला नव्हता.

"मला वाटलं आठ तरी येत असतील," ते म्हणाले. "मला वाटायचं, कदीमदी कुठंतरी सांभाळतो मी हिला. सहा? दहात सहा येळा मी?" ते स्वतःशीच बोटं मोजत होते. "तीन वर्षं? म्हंजी तुला चालाय येतच न्हाई पोरी. आणि ते मी केलंय."

"तुम्ही नाही मास्तर."

"मग कुणी? उद्या दुपारी ये. पुस्तक नको, तानपुरा नको. अजून वीस दिस हैत खोलीचे."

मी गेले. दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले, रोज गेले. उन्हानं पत्रा तापलेला असायचा, मंडईतून सडक्या कांद्याचा वास यायचा. मास्तर भिंतीला टेकून समोर बसायचे आणि दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरायचे. तबले गुंडाळलेलेच होते, पण तेवढ्यावर त्यांचा भरवसा नव्हता. नुसत्या मांडीवरसुद्धा आपली बोटं मला उचलायला जातील, असं ते म्हणायचे.

"धर टाळी. म्हण."

मी टाळी धरून गायची. चुकायची. मास्तर खिडकीबाहेर बघायचे. तोंडानं च् सुद्धा करायचे नाहीत. मी चुकले की त्यांचे खांदे मात्र हलायचे, काखेतले हात सुटायला बघताहेत असे. मग ते आणखी दाबून धरायचे.

"परत."

पहिले चार दिवस माझ्याकडून चाराचे पाचही झाले नाहीत. उलट कमी झाले, कारण आता आपण पडतो आहोत हे मला कळायला लागलं होतं. एकदा मी रडले. मास्तर म्हणाले, "रड की. पण टाळी सोडू नको. रडताना बी दहाच असत्यात." एकदा मी चिडून म्हटलं, कीर्तनात असते तर आत्तापर्यंत लोकांनी माना डोलावल्या असत्या. ते म्हणाले, "कीर्तनात देव ऐकतोय. हितं तू ऐक."

दहाव्या दिवशी सहा झाले. पंधराव्या दिवशी आठ. मधल्या काळात निकाल लागला. मला दुसरा वर्ग मिळाला. प्रात्यक्षिकात बाईंनी दिलेले गुण अगदी योग्य होते. भाऊंना मी पत्रानं काय झालं ते कळवलं. त्यांचं उत्तर आलं, त्यात या प्रकरणाबद्दल एक अक्षर नव्हतं. फक्त शेवटी होतं, गुरवांना माझा साष्टांग नमस्कार सांग.

सांगितला. मास्तर म्हणाले, "त्यांना म्हणावं, पोरीला गप बसाय बी शिकवा जरा."

विसाव्या दिवशी खोलीत ट्रंक, वळकटी आणि तबल्याची दोन गाठोडी एवढंच उरलं होतं. मी टाळी धरली. पहिली तान, दुसरी, तिसरी. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. पाचवी ती लांब, जिच्यातला तुकडा गळला होता. आली. सातवी, आठवी. नववीला मला वाटलं चुकले, पण टाळी आणि मी एकाच ठिकाणी होतो. दहावी आली तेव्हा मास्तरांनी मान वळवली.

"दहा?" त्यांनी विचारलं. तेही मोजत होतेच, तरी विचारलं.

"दहा."

त्यांनी काखेतून हात काढले. इतक्या दिवसांत मी ते हात उघडे असे पाहिलेच नव्हते. बोटं जरा हलवली, मुंग्या आल्यासारखी. मग गाठोडी सोडली. बाया पुढे घेतला, तबला जुळवला. घाईनं नाही.

"वाजवू का?" ते म्हणाले.

नंतर पस्तीस वर्षं मी शाळेत गाणं शिकवलं, लहानमोठ्या पुष्कळ साथीदारांबरोबर गायले. असं कुणी कधी विचारलं नाही.

मी गायले, मास्तरांनी वाजवलं. पाचसहा मिनिटं असेल. शेवटची तान मी पाठ केलेली नव्हती, सुचेल तशी घेतली आणि समेवर आले. तेही आले. कुणी कुणासाठी थांबलं नाही.

मास्तर हात पुसत म्हणाले, "आज दोघं आपापले आलो." मग त्यांनी बाया पुन्हा लुगड्यात बांधायला घेतला.

दुसऱ्या दिवशी ते गावी गेले. पुढे तिथल्या देवळात कीर्तनाला वाजवत राहिले, असं ऐकत होते. मी दोन पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, धाकट्या मुलीच्या अक्षरातलं. बाबा घरी आहेत, मजेत आहेत, खाण्यात फार खोड्या काढतात, असं होतं. त्यांचा माझ्यावरचा राग गेला की नाही, हे त्यात नव्हतं, आणि मीही पुन्हा विचारलं नाही. पुढे ते वारले, तेही मला आठ महिन्यांनी कळलं.

तर एवढीच गोष्ट. आता एक मागणं आहे. तुम्ही कधी कीर्तनाला बसाल, बुवांना भरून येईल, ओळ त्यांच्या हातून निसटेल आणि तरीही समेवर सगळी सभा एकदम मान हलवेल. त्या वेळी बुवांकडे बघाच. पण एकदा शेजारच्या वाजवणाऱ्याच्या हातांकडेही बघा, आणि दशरथ गुरव हे नाव मनात घ्या. मोठ्यानं म्हणायला नको.